सेकंड हाफ रिवर्कला

निगडीहून चाकणला निघालेल्या कुठल्याही कंपनीच्या बसमध्ये सोमवारी सकाळी बसा, हे काका भेटतातच. क्वालिटीत आहेत. जन्मभर पार्ट तपासले, आता त्याच नजरेनं सिनेमे तपासतात. पेपरवाले स्टार देतात, काका टॅग लावतात. हिरवा ओके, पिवळा होल्ड, लाल रिजेक्ट. पैकी हिरवा आमच्या बसमध्ये कुणी अजून पाहिलेला नाही.

"काका, 'छावा' कसा वाटला?"

"फर्स्ट हाफ टॉलरन्समध्ये. सेकंड हाफ रिवर्कला."

हा निकाल ठरलेला. सिनेमा कुठलाही असो, त्यांचा सेकंड हाफ कायम रिवर्कलाच जातो. 'छावा'वर मात्र काकांचा खास राग होता. शेवट अख्ख्या महाराष्ट्राला शाळेपासून ठाऊक, त्यामुळे फोडायला काही उरलंच नाही. मग त्यांनी इंटरव्हल फोडला.

चाकणच्या तळेगाव चौकात बस अडकली की रूट कॉज अ‍ॅनालिसिस सुरू होतं. पाच वेळा 'का' विचारायचं. सेकंड हाफ लांबला का? गाणी जास्त. गाणी जास्त का? हीरोला नाचायचं होतं. त्याला नाचू दिलं का? असं करत पाचव्या 'का'ला सगळा दोष निर्मात्याच्या मेव्हण्यावर येतो. निर्मात्याला मेव्हणा आहे की नाही, हे काकांनी कधी तपासलेलं नाही. क्वालिटीवाला माणूस, पण तेवढं सोडून देतो.

एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', 'कोर्ट', तीन मराठी सिनेमे देशातर्फे ऑस्करला गेले!"

"आणि कस्टमरकडून तिन्ही लॉट परत आले ना?"

'कोर्ट'मध्ये कॅमेरा जागचा हलत नाही, याचं त्यांनी कौतुक केलं. "फिक्श्चर घट्ट आहे. लाइन तेवढी बंद आहे."

असा माणूस एकट्यानं सिनेमे बघून गप्प बसला असता तर बरं. पण काका लाइनवरची नवी कंत्राटी पोरं घेऊन जातात. आयटीआय करून लातूर-बीडकडून आलेली, चौघांत एक खोली. तिकिटं काका काढतात. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "सँपल साइज वाढवायला." तिसऱ्या शिफ्टला झोप अनावर झालेल्या एका पोराला जागं ठेवायला या गृहस्थांनी अख्खा 'बाईपण भारी देवा' सांगितला होता, सहाही बहिणींच्या आवाजात. सेकंड हाफसकट.

एकाच सिनेमावर काका बोलत नाहीत, तो 'सैराट'. आला २०१६ साली, पिवळा टॅग अजून तसाच. मागे कुणीतरी सांगितलं, काका-काकू करमाळ्याकडून घरच्यांना न सांगता निघून भोसरीत आले होते. आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, तिथे काकू उठून बाहेर गेल्या, काकाही मागोमाग. म्हणजे त्यातला सेकंड हाफ त्यांनी पुरता बघितलेलाच नाही. न बघितलेल्या मालावर सही करत नाहीत, एवढं मात्र मानलं पाहिजे.

हल्ली काकांचा पारा चढतो तो खेळांच्या वेळांवर. २०१५ साली सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमासाठी दुपारी १२ ते रात्री ९ ही वेळ आखून दिली. मुंबईत बसून आखली असणार. आमच्याकडे दुपारी साडेबाराच्या खेळाला फर्स्ट शिफ्टवाला लाइनवर उभा असतो आणि सेकंडवाला डबा भरून बसची वाट बघत असतो. मग खुर्च्या रिकाम्या, आणि पुढच्या शुक्रवारी सिनेमा गायब. प्रेक्षक येत नाहीत म्हणे! "माल स्टोअरमध्येच ठेवला आणि खप नाही म्हणून बोंब मारली," काका म्हणतात. त्यांचा हा एकच रूट कॉज मला पटलाय. यात मेव्हणा नाही.

तेव्हा थिएटरवाल्यांनो, संध्याकाळी सातचा एक खेळ तरी मराठीला ठेवा. साडेतीनला सुटलेला माणूस मोशीच्या ट्रॅफिकमधून घरी येऊन, आंघोळ करून, सातला आकुर्डीत सहज पोचतो.