रघूजींची तलवार, हाफ तिकिटाची

वर्तमानपत्रात गुंडाळली की तलवारीचं पातं लपतं, मूठ लपत नाही. मराठी धोपेची तर नाहीच. बोटं झाकणारी रुंद परज, आत गादी आणि मुठीच्या डोक्यातून निघालेला वीतभर लोखंडी गज. नागपूर-सौंसर बसमध्ये हा गज सावनेरपर्यंत शेजारच्या काकांच्या बरगड्या मोजत होता.

सौंसरच्या मावसभावाला शिवजयंतीच्या मिरवणुकीत नागपूरचे पहिले रघूजी भोसले व्हायचं होतं. २०२५च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात रघूजींची तलवार निघाली, महाराष्ट्र सरकारने ती ४७.१५ लाखांना सोडवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत उतरली. तेव्हापासून दादाचं एकच, "लंडनवरून मुंबईले येते, तर पुण्यावरून सौंसरले काहून नाही येणार?"

मागणी अगदीच अवाजवी नव्हती. सौंसर ज्यांच्या राज्यात होतं, त्या देवगडच्या गोंड राजघराण्यातलं भांडण मिटवायला रघूजींना बोलावलं होतं. त्यांनी ते असं मिटवलं की राज्यच नागपूरकरांच्या खिशात गेलं. (इकडे शेताच्या वाटणीत पाहुण्यांना मध्ये घेताना लोक अजून दोनदा विचार करतात, ते उगाच नाही.) शिवाय त्यांच्या अस्सल तलवारीचं पातं युरोपातलं, मूठ तेवढी इथली मुल्हेरी. पुण्याहून आणलेली आमची नक्कल मुठीपासून टोकापर्यंत स्वदेशी होती. पात्याच्या पाठीवरचं रघूजींचं सोनेरी नावसुद्धा आमच्याकडे होतं, फक्त सोन्याऐवजी पिवळ्या रंगात.

कंडक्टरने गजाला बोट लावलं.

"काय हाय जी हे?"

"तलवार."

"धार हाय का?"

"नाही. नकली आहे."

"मंग हाफ तिकीट लागन. धार असती तं पोलिसाचं काम होतं, नाही तं लगेज. लगेज म्हणजे आपलं काम."

मी पैसे काढतोय तोवर मागच्या सीटवरच्या आजींनी पुढे वाकून मुठीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. जामसावळीच्या हनुमानाला निघाल्या होत्या. वाटेत दुसरा देव भेटला तर त्यांची हरकत नव्हती. त्यांचं बघून पलीकडच्या दोघींनीही हात जोडले. कंडक्टरने तिकिटं घडी करून खिशात टाकली आणि पुढे जाता जाता, कुणी बघत नाहीसं पाहून, स्वतःही नमस्कार उरकला.

दादा स्टँडवरच उभा होता. कागद फाडून त्याने तिथेच मुठीत हात घातला. जुन्या मुठी अरुंद असत हे त्याला ठाऊक होतं. कारागिराने इतिहास इतका प्रामाणिकपणे पाळला असेल असं मात्र वाटलं नव्हतं. हात आत गेला. बाहेर येईना. अंगठी परजेत अडकली.

रघूजी मोटरसायकलवर मागे बसून घरी आले, तलवार आडवी धरून. चौकात दोघा-तिघांनी जयजयकार केला, त्याला उलट हात हलवायची सोय नव्हती. घरी खोबरेल झालं, साबण झाला, शेजारच्या सायकलवाल्याचं ग्रीस झालं. संध्याकाळी संत्र्याच्या व्यापाऱ्याने हिशेबाच्या कागदावर सही मागितली, तेव्हा दादाने डाव्या हाताचा अंगठा दिला.

मावशीने पिठलं-भाकरी वाढली. पाटाशेजारी तलवार मावेल एवढी जागा केली आणि म्हणाली, "भाकर मी कुस्करून देतो. तू फक्त ते टोक माह्या गॅसच्या नळीपासून दूर ठेव."