कसबा पेठेतील स्थलांतर आणि तारेचे शास्त्र

कसबा पेठ ही पुण्यातील सर्वांत जुनी पेठ असून तिच्या सीमा महापालिकेच्या नकाशात रेखलेल्या आहेत. तथापि पेठेतल्या पेठेत बिऱ्हाड हलविणाऱ्या गृहस्थाने त्या नकाशावर विसंबू नये. केबलवाला, म्हणजे 1995 च्या केबल टेलिव्हिजन कायद्याखाली नोंदणी करून घरोघर तार पोहोचविणारा स्थानिक व्यावसायिक, ज्या खांबापर्यंत ‘आपली लाइन’ म्हणतो तेथे एक राज्य संपते व पुढच्या खांबापासून दुसरे सुरू होते. तांबट आळीतून व्यवहार आळीत जाणाऱ्या कुटुंबाचे सामान टेम्पोच्या दोन खेपांत हलते, परंतु तारेच्या दृष्टीने ते कुटुंब देशांतराला निघालेले असते. क्रमांक तोच ठेवून मोबाइलची कंपनी बदलण्याची सोय 2011 पासून देशभर झाली. घरात येणाऱ्या तारेचे असे भाग्य नाही. म्हणून नवी जागा पाहताना पाणी किती वाजता येते या पारंपरिक प्रश्नाआधी ‘इथे लाइन कोणाची?’ हा प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर मालकाकडून न घेता जिन्याखालच्या खोलीतील भाडेकरूकडून घ्यावे, कारण मालक बहुधा कोथरूडला राहतो.

मुहूर्ताचा विचार येथे दोन अंगांनी करावा लागतो. गृहप्रवेशाचा मुहूर्त गुरुजी काढतात. जोडणीचा ‘स्लॉट’, म्हणजे सकाळी 10 ते संध्याकाळी 6 अशी कंपनीने दिलेली ऐसपैस घटिका, ॲपवर निघतो, आणि या दोहोंचा मेळ कोणत्याही पंचांगात दिलेला नाही. भाद्रपदाचा शुक्लपक्ष सर्वथा टाळावा. त्या दिवसांत मंडपाच्या कमानी उभ्या राहतात, उंच देखावे जाऊ देण्यासाठी रस्त्यावर आडव्या गेलेल्या तारा बांबूने वर उचलल्या जातात, प्रसंगी सोडविल्याही जातात, आणि त्या पुन्हा जोडावयाचा तो वायरमन स्वतःच कुठल्या ना कुठल्या मंडळाचा कार्यकर्ता असतो. अनंत चतुर्दशीपाठोपाठ पितृपंधरवडा लागत असल्याने त्या काळात बिऱ्हाड सहसा कोणी हलवीत नाही. साहजिकच तंत्रज्ञ रिकामा सापडण्याचा हाच वर्षातील उत्तम काळ ठरतो. जोडणी पितृपक्षात उरकावी व घट बसल्यावर राहावयास जावे, हा समन्वय शास्त्र आणि सोय या दोहोंना मानवण्यासारखा आहे. मंगलकार्याचे पहिले निमंत्रण ग्रामदैवत कसबा गणपतीला देण्याची पुण्याची रीत आहेच. दुसरे केबलवाल्याला द्यावे.

तारेचे राज्यच नको असे म्हणणाऱ्यांसाठी डीटीएच, म्हणजे उपग्रहाकडून थेट घरच्या तबकडीवर संदेश घेण्याची पद्धत, उपलब्ध आहे. या सेवांचे उपग्रह विषुववृत्तावर, पुण्याच्या रेखांशाहून बरेच पूर्वेस असल्यामुळे तबकडीचे तोंड साधारणतः आग्नेयेस करावे लागते. वास्तुशास्त्राने आग्नेय दिशा चुलीला दिलेली आहे. आधुनिक काळात चुलीशेजारीच तबकडी येते, एवढाच फरक. मात्र त्याच दिशेला जुना वाडा पाडून नवी इमारत उठत असेल, तर मालिकेतील सासू पावसाळ्याविनाच चौकोनी तुकड्यांत दिसू लागते. अशा वेळी गच्ची गाठावी लागते, आणि गच्चीची किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्याशी त्याच आठवड्यात पार्किंगवरून वाद घालू नये.

ब्रॉडबँड या संज्ञेचा सरकारी अर्थ माहीत असणे हिताचे आहे. 2013 पासून सेकंदाला किमान 512 किलोबिट वेग असलेली जोडणी ब्रॉडबँड ठरत असे. जानेवारी 2023 पासून ही मर्यादा 2 मेगाबिट झाली. कंपनी 100 मेगाबिट सांगते, आणि ते राउटरच्या तोंडाशी मिळतातही. पुढे वाड्याची वीट-चुन्याची जाड भिंत लागते. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी 5 गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान खरी, पण भिंतीपुढे ती लवकर हात टेकते, तर 2.4 गिगाहर्ट्झची संथ पट्टी पलीकडच्या खोलीपर्यंत जाते. शिवाय धातू या लहरी परतवीत असल्याने राउटर तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या फळीवर ठेवू नये, मग ती भांडी तांबट आळीतच घडविलेली का असेनात. फायबरची तार काचेच्या तंतूची असते. ती दाराच्या फटीत चेमटली की यंत्रावर लाल दिवा लागतो, आणि ‘उद्या पोरं पाठवतो’ हे वाक्य ऐकावयास मिळते. या वाक्यातील ‘उद्या’ हा दिवसवाचक शब्द नसून सांत्वनपर आहे.

वाहिन्यांच्या निवडीविषयी थोडेच सांगावयाचे. 2019 च्या नव्या दररचनेनुसार प्रेक्षक हव्या त्या वाहिन्या निवडून तेवढ्यांचेच पैसे भरू शकतो. ही यादी नातवाने करावी, परंतु आजींची सही झाल्याशिवाय पाठवू नये.

पुनर्विकासासाठी वाडा सोडून तात्पुरत्या जागेत जाणाऱ्या भाडेकरूंनी हे सर्व दोनदा करावयाचे असल्याने जुनी जोडणी तोंडी बंद करू नये. सेटटॉप बॉक्स, ॲडॉप्टर व रिमोट परत करून सही-शिक्क्याची पावती घ्यावी, अनामत रक्कम लेखी मागावी आणि ती पावती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावी. रिमोटमधील सेल मात्र आपले असतात, ते काढून घ्यावेत.