वही, मंडई आणि गटातल्या बाया

घरखर्चाची वही संक्रांतीपर्यंत फार देखणी असते. दूध, किराणा, वीजबिल, ज्याचा त्याचा रकाना आणि खाली दोन रेघा मारून बेरीज. फेब्रुवारीत 'किरकोळ' नावाचा रकाना येतो आणि बाकीच्यांना गिळत सुटतो. होळीनंतर त्या वहीत पोरं गणितं सोडवतात.

त्यात आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पैसा दर एक तारखेला येतो कुठे? खाण, वीज केंद्र आणि नोकरदार सोडले, तर बाकीच्यांचा पैसा जंगल आणि धान यांच्या मर्जीने येतो. उन्हाळा लागताना मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, दिवाळीच्या पुढेमागे धान. तेंदूच्या हंगामात अख्खं घर पहाटेच जंगलात शिरतं. दुपारी आजीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळे सावलीत बसून ७०-७० पानांचे पुडे बांधतात, आणि मग फळीवर, म्हणजे पानं खरेदी करणाऱ्या केंद्रावर, मोजून देतात. या थोड्या दिवसांच्या कमाईतून बियाणं, रोवणीची मजुरी, पोरांची पुस्तकं आणि पावसाळ्याचं तेलमीठ भागवायचं. महिनेवार अंदाजपत्रक इथे कुणाला पुरणार?

बरं, धान विकून चार पैसे गाठीला राहिलेच, तर मंडई येते; भाजीची नव्हे, दिवाळीनंतरची गावजत्रा. आमच्या या झाडीपट्टीत मंडईच्या पाहुण्यांना बोलवावं लागत नाही, ते येतातच. वडशाच्या नाटक कंपनीचा प्रयोग रात्रभर चालतो, आणि पाहुण्याने तिकिटासाठी खिशात हात घातला, तर यजमानाची शोभा होते. त्या रात्री काटकसरीचा विषय काढणारा माणूस पंचक्रोशीत सापडायचा नाही. सापडलाच, तर पुढच्या वर्षी त्याच्याकडे पाहुणे यायचे नाहीत. बचतीचा हाही एक मार्ग आहे, पण तो फार महाग पडतो.

मग पैसा साठतो तो कुणाचा? बचत गटातल्या बायांचा. नाबार्डने १९९२ साली असे गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. गटाची पंचसूत्री सगळ्याजणींना पाठ असते: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. घरी ही पाचही सूत्रं एका संध्याकाळी मोडता येतात, कारण फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश एकाच पंगतीला जेवतात. गटात हप्ता चुकला, तर कुणी रागावत नाही. सतरंजीवरच्या दहाजणी नुसत्या बघतात. तेवढं पुरतं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने तर हे गावभर केलं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्याची मुभा मिळवणारं हे गाव. तिथे मजुरीचा दहावा हिस्सा ग्रामकोशात जातो आणि निर्णय होतात ते सर्वसहमतीने. जो पैसा घरी पोचतच नाही, त्याला 'किरकोळ' कसं गाठणार? एकट्याच्या निश्चयाला जे जमत नाही, ते चारचौघांच्या नजरेला जमतं, ते असं.

म्हणून मी घरात प्रस्ताव मांडला आहे: आपली वही दर महिन्याला शेजारच्या काकूंनी मोठ्याने वाचावी. काकू केव्हाच तयार झाल्या. घरात मात्र अजून सर्वसहमती व्हायची आहे.