बटण सोडलं की बंद

टेबल सॉचं हिरवं बटण एका हाताने दाबून धरलं, तर उरलेल्या एका हाताने सागाची फळी सरळ कापता येत नाही. व्हिडिओतून लाकूडकाम शिकवणाऱ्या अमेरिकन गृहस्थांनी ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. त्यांची यंत्रं बहुधा बिघडत नसावीत. बिघडत असली तरी कॅमेऱ्यासमोर बिघडत नाहीत. माझं नेमकं मेहुण्यासमोर बिघडलं.

वास्तविक मेहुण्यासमोर माणसाने मिक्सरसुद्धा चालवू नये. पण जेवणं झाल्यावर मी सहज सुरात "चल, वर्कशॉप दाखवतो" असं म्हणून बसलो होतो. वर्कशॉप म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. मी बँकेतून निवृत्त होईपर्यंत तिला घरात सगळे 'अडगळ' म्हणत, आणि मी पाठमोरा असलो की अजूनही म्हणतात. तिथे मी चामडी एप्रन बांधला, गॉगल चढवला, कानावर पेन्सिल खोचली (मापं मी मोबाइलमध्ये लिहितो, पेन्सिल शोभेची) आणि बटण दाबलं. मोटर घोंगावली. बोट उचललं, थांबली. दाबलं, घोंगावली. सोडलं, थांबली.

"असंच असतं का हे?" मेहुण्याने विचारलं.

"सेफ्टी फीचर आहे," मी म्हणालो.

पंचाईत अशी झाली की ही थाप पुढे अर्धी खरी निघाली.

माझ्या सुतारकामाविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. मी चौरंग करतो. पाट, मोबाइलचे स्टँड, क्वचित एखादं स्टूल असंही काही होतं, पण नाव म्हणून आहे ते चौरंगात. सगळ्या नातेवाइकांना एकेक दिलेला आहे. सत्यनारायणाला त्यांच्याकडे गेलो की माझा चौरंग दिसत नाही, गच्चीत गेलो की तुळशीच्या कुंडीखाली दिसतो. तरी फोन आला की मी मुद्दाम जरा थांबून, मोठ्याने सांगतो, "वर्कशॉपमध्ये आहे, नंतर करतो." एकदा हे वाक्य मी वाण्याच्या दुकानातूनही बोललो आहे.

तर ते बटण. बऱ्या टेबल सॉला असतं ते बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखं नसतं. त्याच्या पोटात तारेची एक कॉइल असते. हिरवं दाबलं की आतले कॉन्टॅक्ट जुळतात, मोटरला वीज मिळते, आणि त्याच विजेवर कॉइलचं लोहचुंबक होऊन ती ते कॉन्टॅक्ट धरून ठेवते. बोटाचं काम क्षणभराचं, पुढे धरून ठेवायचं काम चुंबकाचं. लाइट गेली की चुंबक सुटतं, कॉन्टॅक्ट उघडतात. आणि मुख्य गोष्ट म्हणजे लाइट परत आली तरी यंत्र आपण होऊन सुरू होत नाही. कुणीतरी जागेवर येऊन, शुद्धीत असताना, हिरवं बटण पुन्हा दाबावं लागतं. याला नो-व्होल्ट रिलीज म्हणतात. दुकानात 'एनव्हीआर' म्हटलं तर कळतं, किंवा कळत नाही. माझ्या बटणाची कॉइल तरी जळाली होती, किंवा चुंबकाच्या तोंडाशी भुसा तरी साचला होता. त्यामुळे जे काम त्याने लाइट गेल्यावर करायचं, ते ते चोवीस तास करत होतं.

आता बटणांचा विषय निघालाच आहे तर मला राहवणार नाही. माझ्या लहानपणी शनिवार पेठेतल्या वाड्यात लाकडी बोर्डावर बेकलाइटची काळी, गोल बटणं होती. दांडी खाली पाडली की दिवा लागे, आणि पाडताना असा खट्‌ आवाज होई की रात्री पाणी प्यायला कोण उठलं ते चारही बिऱ्हाडांना कळे. खाली म्हणजे चालू, ही इंग्रजांची रीत आपण उचलली. अमेरिकेत उलटं असतं, दांडी वर केली की दिवा लागतो. माझा मुलगा न्यू जर्सीहून आला की सुरुवातीला इथे चाचपडतो, जरा हाताला सवय होते तोवर परत जायची वेळ येते, मग तिकडे जाऊन चाचपडतो.

वाड्याच्या जिन्याला एक दिवा आणि दोन बटणं होती, एक खाली, एक वर. सोय अशी की खालून लावावा, वर जाऊन बंद करावा. प्रत्यक्षात खालच्या काकू "उगाच जळतोय" म्हणून बंद करत, आणि वर चढणारा मनुष्य बरोबर अर्ध्या जिन्यात असे. त्या जिन्याला वळणावर एक पायरी कमी होती. ती पायरी मालकांनी शेवटपर्यंत केली नाही, पण दिव्याच्या बिलात मात्र सगळ्यांचा वाटा बरोबर धरला. माझ्या वडिलांकडे ट्यूबलाइटचा स्टार्टर फिरवण्याचं खातं होतं. आई स्टूल धरून उभी राही, ते वर चढून स्टार्टर जरासा फिरवत, ट्यूब फडफडून लागे, आणि ते खाली उतरून दोन्ही हात झटकत. घरात एवढं नि:संदिग्ध यश त्यांना दुसऱ्या कशात मिळालेलं मी पाहिलं नाही.

आता आमच्या हॉलमध्ये आठ बटणांचा बोर्ड आहे. त्यातलं सहावं कशाचं आहे ते कुणालाच माहीत नाही. पाहुण्यांपैकी कुणीतरी मदत म्हणून पॅसेजचा दिवा लावायला जातो, पंखा बंद होतो, टीव्ही जातो, सगळे एकदम "ते नाही, ते नाही, त्याच्या शेजारचं" असं ओरडतात, आणि शेवटी तो सहावं दाबतो. काहीच होत नाही. तरी परत बंद करतो, हे विशेष. आणि आमचा मिक्सर! झाकणावर तळहात, भांडं किंचित डावीकडे कललेलं, बटण एक आणि दोन यांच्या मधोमध. हे जमणारी व्यक्ती घरात एकच आहे. ती माहेरी गेली की चटणी बंद. मला खात्री आहे की वाचणाऱ्याच्या घरातही असं एक यंत्र आहे आणि ते कसं चालवायचं हे त्याने कामवाल्या बाईंना दरवाज्यात उभं राहून समजावलेलं आहे.

या असल्या संस्कारांत वाढलेल्या माणसाला टेबल सॉचं बटण बिघडलं म्हणजे काय, आणखी एकाची मर्जी सांभाळायची, एवढंच वाटतं. खिशात टेस्टर होताच. मी तो लावला, दिवा लागला, मी मान हलवली. टेस्टर लावल्यावर मान हलवायची असते. त्यापुढे काय करायचं असतं ते मला येत नाही.

सल्ले मात्र आपण होऊन आले. शेजारचे काका म्हणाले, "अहो, सुतार ना तुम्ही? एक फाचर मारा हिरव्या बटणात." दुसऱ्यांनी सायकलच्या ट्यूबचं रबर सुचवलं. वायरमन आला, त्याने झाकणाकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "कशाला ती कटकट ठेवता? डायरेक्ट करून देतो. भिंतीवरच्या 15 अँपियरच्या बटणावर चालू-बंद करा." खरं सांगायचं तर मला ते आवडलं. 'डायरेक्ट' म्हटलं की काम करणारा मनुष्य कसा धडाडीचा वाटतो. शिवाय रविवारी मेहुणा पुन्हा येणार होता.

पण दीड हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे अकराशे वॅट, आणि सुरू होताना ती क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. घरगुती बटणाचे कॉन्टॅक्ट त्या झटक्याने हळूहळू जळत जातात आणि एक दिवस एकमेकांना चिकटतात. मग बटण बंद केलं तरी यंत्र चालूच. शिवाय भिंत सहा फुटांवर, ब्लेड सहा इंचांवर.

हे सगळं मी रात्री जेवताना घरात सांगितलं. सोबत स्टीव्ह गॅस यांची गोष्टही सांगितली. हे गृहस्थ भौतिकशास्त्राचे डॉक्टर आणि पेशाने पेटंटचे वकील. 1999 च्या सुमाराला त्यांनी असा टेबल सॉ तयार केला की ब्लेडला बोट टेकलं की ब्लेड पाच मिलिसेकंदांच्या आत जागच्या जागी थांबावं. ब्लेडमध्ये अगदी बारीकसा विजेचा सिग्नल सोडलेला असतो. लाकडाने त्यात फारसा फरक पडत नाही, पण माणसाचं शरीर वीज वाहतं, त्यामुळे कातडी टेकताच यंत्राला कळतं, आणि ॲल्युमिनियमचा एक ठोकळा ब्लेडच्या दातांत घुसतो. प्रात्यक्षिकाला ते बोटाच्या जागी हॉटडॉग वापरत. शेवटी त्यांनी स्वतःचं बोटही लावून दाखवलं.

"आपल्याकडे काय लावणार?" सौ. म्हणाली. "भेंडी?"

मग वाढता वाढता म्हणाली, "अहो, तुम्ही एवढे अमेरिकेत जाऊ नका. आधी मिस्त्रींना बोलवा."

मिस्त्री म्हणजे आमच्या स्वयंपाकघराची कपाटं ज्यांनी केली ते. भोरकडचे. आता सत्तरीला आले, काम मुलगा बघतो. त्यांच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं आखूड आहेत. पेन्सिल ते अंगठा आणि अनामिका यांच्यात धरतात, आणि त्या पेन्सिलीने मारलेली रेघ माझ्या पाच बोटांनी गुण्या लावून मारलेल्या रेघेपेक्षा सरळ असते. इतक्या वर्षांत मी ती बोटं रोज पाहिली असतील, विचारलं मात्र कधी नव्हतं. आपण मजुरी विचारतो, लॅमिनेटचा भाव विचारतो.

त्यांनी हिरवं बटण एकदा दाबलं, सोडलं. मी त्यांना वायरमनचा उपाय सांगितला. ते काही बोलले नाहीत. मग शेडच्या दारात बसून तंबाखू मळता मळता सांगू लागले. लोडशेडिंगचे दिवस होते, पेपरात वेळापत्रक छापून यायचं. एका मालकाच्या कारखान्यात मोठं कटर होतं, त्याला साधं बटण. चालू यंत्रावर लाइट गेली, फळी ब्लेडमध्ये अडकलेली. लाइट यायला अजून तासभर होता, म्हणून ते ती फळी सोडवायला गेले.

"टायमाच्या आधी आली," मिस्त्री म्हणाले. "एरवी कधी आली न्हाई, साहेब. त्या दिवशी आली."

मी विचारलं, "मग त्या मालकाने बटण बदललं की नाही?"

"कशाला बदलतोय. डायरेक्ट हाये अजून."

मला त्या मालकाचा राग आला, आणि वायरमनचाही, आणि "एक फाचर मारा" म्हणणाऱ्या काकांचाही. सगळे चांगले लोक आहेत. काका तर माझ्या चौरंगावर रोज पूजा करतात, असं ते सांगतात. पण यंत्राने आपल्याला थांबवलं की आपल्याकडे पहिला विचार त्या थांबवणाऱ्या तुकड्याचा काटा काढायचा येतो. हेल्मेट हँडलला अडकवतो, फ्यूजच्या जागी जाड तार घालतो, प्रेशर कुकरची शिटी उडत नाही म्हणून सुईने डिवचतो. एखादा मिस्त्री दोन बोटं गमावून घरी जातो तेव्हा त्याला आपण नशीब म्हणतो आणि दुसऱ्या मिस्त्रीला बोलावतो.

प्लग काढून मी बटणाचा डबा उघडला. आत एमडीएफचा भुसा पिठीसारखा दाबून बसला होता. ब्रशने झाडला, तरी बटण धरेना. मिस्त्रींच्या मुलाने मल्टीमीटर लावला, कॉइल तुटलेली निघाली. मग विजेच्या सामानाची तपकीर गल्ली. पहिल्या दुकानात म्हणाले, "साधं टॉगल घेऊन जा, काही होत नाही." दुसऱ्यात म्हणाले, "सगळे तेच लावतात." मी पुणेकर आहे, दुकानदाराने मला शहाणं करणं मला नवीन नाही. पण या खेपेला मी माझ्या स्वभावाचा सदुपयोग करून प्रत्येक काउंटरवर नो-व्होल्ट रिलीज म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावत गेलो. शेवटी एका दुकानदाराने, बहुधा मी जावं म्हणून, माळ्यावरून डबी काढून दिली. कॉइलवर 230 व्होल्ट छापलंय ते पाहून घेतलं, कारण 110 ची बसवली तर आपल्या विजेवर ती लगेच जळते. किंमत हजाराच्या आत.

मिस्त्री पाहायला आले. त्यांनी फळी लावली नाही, कापून काही पाहिलं नाही. यंत्र चालू केलं, मागे सरले, मुलाला मेन पाडायला सांगितलं. ब्लेड थांबेपर्यंत बघत राहिले. मग मेन चढवायला सांगितलं. दिवा लागला, पंखा फिरला, यंत्र गप्प. "आता जमलं," म्हणाले. मग माझ्या नव्या चौरंगावर तळहात ठेवून हलवला आणि म्हणाले, "ह्यो मात्र लंगडा हाये."

तुमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीच्या सुताराकडे असं यंत्र असेल तर एवढं करा. फळी काढून ठेवा, सगळ्यांना लांब उभं करा, यंत्र चालू करून मेन पाडा, ब्लेड पूर्ण थांबू द्या आणि मेन परत चढवा. आपण होऊन सुरू झालं तर त्याच दिवशी बटण बदला. आणि जाताना चौरंग हवा असेल तर सांगा, एक तयार आहे. कुंडीखाली मुळीच हलत नाही.