जागा काढणारा

इंग्लंडात गेलेल्या मराठी माणसांत एक प्रकार असा असतो, जो घर घेतो ते राहायला नव्हे, जागा काढायला. ठाण्याला बाल्कनी आत घेतलेल्या घराण्याचा हा वारस. राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, दोन्हीकडून शेजाऱ्यांना चिकटलेलं घर बघायला गेल्यावर बायको स्वयंपाकघर बघते, हा भिंती वाजवतो.

पहिला डोळा धुराड्यावर. खोलीखोलीत बुजवलेली शेगडी आणि तिच्यावर छतापर्यंत पुढे आलेला विटांचा फुगवटा. १९५६ च्या क्लीन एअर ॲक्टनंतर कोळसा हळूहळू गेला, फुगवटा राहिला. "पाच फूट गुणिले दीड, गुणिले दोन मजले. पंधरा स्क्वेअर फूट!" मग हे पंधरा तो लंडनच्या भावाने गुणतो, आणि एकदा उगीच डोंबिवलीच्याही. सुख दोन्हीकडे सारखंच.

"त्यात काय, शनिवारी मीच पाडतो." इंजिनिअरच तो, फक्त सॉफ्टवेअरचा. खालचं काढलं तरी माळ्यावरच्या आणि छपरावरच्या विटा हवेत राहत नाहीत, त्यांना खालून लोखंडी बीम लागतो, त्याचा हिशेब वेगळा इंजिनिअर करतो आणि कौन्सिलचा माणूस तपासून जातो, हे त्याला शुक्रवारी कळतं. शिवाय भिंत सामाईक, पलीकडे शेजारणीचं धुराडं. म्हणजे १९९६ चा पार्टी वॉल ॲक्ट. दोन महिने आधी लेखी नोटीस. ती द्यायला हा चकल्यांचा डबा घेऊन जातो. बाई चकल्या ठेवून घेतात आणि सर्व्हेयर नेमतात. त्याची फी अर्थात याच्याच माथी.

शेवटी भिंत फुटते. आधी पडतात काड्या. जॅकडॉ म्हणून तिकडचा छोटा कावळा आहे, तो धुराड्यात घरटं करतो, तेही बादल्या भरभरून. मागून काजळी. दारांना प्लास्टिक ठोकलेलं असूनही ती वरच्या मजल्यावर घडी घातलेल्या पैठणीपर्यंत पोचते. "ओल्या फडक्याने पुसू नका, पसरते," असं हा पाहुण्यांना अधिकाराने सांगतो.

विटा मात्र टाकू देत नाही. जुन्या विटांना इथे भाव आहे म्हणे. काजळलेल्या विटा कोणी नेत नाही, म्हणून मागच्या अंगणात ताडपत्रीखाली रचून ठेवल्यात. एकदा बायकोने टेप लावला: अठरा स्क्वेअर फूट.

"मग शेड टाकू," हा म्हणाला.