चॅसीला टाका

गाडीची चॅसी एकदम तुटत नाही, ती आधी बरेच दिवस कुरकुरते. मागचा दिवा जमिनीकडे बघायला लागतो, सीटखालून कुईकुई येते, मडगार्ड चाकाला घासतं. नसरापूरवरून मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याला जाणाऱ्यांना हे आवाज पाठ असतात. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, खड्ड्यांना अजून कळवलेलं दिसत नाही.)

माझ्या शंभर सीसीच्या गाडीला शॉकअपच्या वरच्या बोल्टापाशी, मूळच्या वेल्डिंगच्या अगदी कडेला, तांबूस गंजाची बारीक रेघ दिसली. भोरातल्या मिस्त्रींनी तिच्यावर नख फिरवलं. "गुरुजी, लोखंड दमलंय. रोज थोडं थोडं वाकून."

तोवर चहावाली मंडळी जमलीच. एकाच्या घरी स्लॅबची बारा एमएमची सळई उरली होती, ती आत ठोकावी असं त्याचं मत. दुसरा म्हणाला, दोन्ही बाजूंनी अँगल मारा. तिसऱ्याने गाडी विकायला सांगितली आणि घेणारा म्हणून स्वतःचा मेहुणा सुचवला.

मिस्त्रींनी कुणाचंच ऐकलं नाही. आधी बॅटरीच्या वायरी सोडल्या, नाहीतर वेल्डिंगचा करंट शिरून इलेक्ट्रिकचं सामान जळतं. मग टाकी उतरवून लांब नेऊन ठेवली. रंग घासला आणि चीर जिथं संपत होती तिथंच ड्रिलने बारीक भोक पाडलं. तुटलंय तिथं आणखी भोक? मंडळी हादरली. पण चिरेचं टोक अणकुचीदार असतं, सगळा ताण तिथं गोळा होऊन ती पुढं सरकते. टोकाला गोल भोक मिळालं की तो ताण पसरतो. मग ग्राइंडरने चिरेला खाच पाडून आधी नुसते टाके मारले, दोऱ्याने दोन्ही बाजू मापल्या आणि मगच भरून वेल्डिंग केलं. तेही एकदा इकडे, एकदा तिकडे, म्हणजे तापून नळी एका अंगाला ओढली जात नाही.

वरून आधाराची पट्टी मारायची, तेवढ्यात लाईट गेली. त्या वेळात अँगलवाल्याचा निकाल लागला. "लई कडक केलं तर कडक संपतं तिथंच तुटतंय. म्हणून पट्टी टोकाला निमुळती पायजे."

सीटखाली काय निघालं? इंद्रायणी तांदळाचे दाणे आणि पाच रुपयांचं नाणं. महाराजांना तोरण्याच्या डागडुजीत धन सापडलं, त्यातून राजगड उभा राहिला असं सांगतात. माझ्या धनात चहासुद्धा बसेना.

खरी अडचण पुढेच आली. "गाडी नाजूक आहे" या एका वाक्यावर मी वेल्ह्याच्या मावशींची तांदळाची पोती, फणस, एकदा तर करडूसुद्धा टाळलं होतं. आता गाडीला पट्टी मारल्याची बातमी माझ्याआधी पोचली होती. मावशींनी कॅरिअर धरून गदागदा हलवलं. मला वाटलं, काळजीनेच.

"भक्कम झालीय की रे!" त्या म्हणाल्या. "आता दोन पोती बांध. आणि मिक्सरची चटणी आवडत नाही म्हणाली होती ना सूनबाई? मागच्या दारी पाटा-वरवंटा काढून ठेवलाय."