मांडवाचा खांब हलवणारा

सॉफ्टवेअर तपासणारा टेस्टर म्हणजे लग्नातला भोचक पाहुणा. सगळे जिलेबीवर ताव मारत असताना हा मांडवाचा खांब हलवून बघतो. 'माझ्या मशीनवर तर चालतंय!' हे प्रोग्रामरचं ब्रह्मवाक्य. 'मग ग्राहकाला तुझं मशीनच पाठवून दे,' असं म्हटलं की टेस्टर 'निगेटिव्ह' ठरतो.

पण खांब हलवून न बघण्याची किंमत बघा. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातून एरियान ५ हे रॉकेट प्रथमच उडालं. दिशा सांगणारं सॉफ्टवेअर एरियान ४ मध्ये तावूनसुलाखून निघालेलं. मग पुन्हा कशाला तपासा? पण नवं रॉकेट आडव्या दिशेने जास्त वेगात गेलं आणि तो आकडा १६ बिटांच्या खणात मावेना. तिथे जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर! दोघी एकाच दगडाला ठेचकाळल्या. सुमारे ४० सेकंदांत चार उपग्रहांसह राखरांगोळी. वर गंमत अशी, की घात करणाऱ्या त्या गणिताची उड्डाणानंतर गरजच नव्हती. नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडे घालून ही यंत्रणा आधी तपासलीच नव्हती, असं चौकशीत निघालं.

चांगल्या टेस्टरला पदवीपेक्षा वाकडी अक्कल लागते. तो वयाच्या रकान्यात उणे पाच लिहितो, 'पैसे भरा' हे बटण दोनदा दाबतो, मधेच नेट बंद करतो. आणि चूक नेमकी कशी घडली, ते पायरीपायरीने लिहून देतो.

तेव्हा त्याने खोट काढली तर आठ्या घालू नका, चहा पाजा. तो नसेल तर तेच काम ग्राहक करतो, शिव्यांसकट.